महिनाभर फक्त कॅशवर घर चालवलंय का कोणी? पाकिटं करायचा विचार आहे

चिंचवडची_माऊ | २ सप्टेंबर, रात्री १०:४०

गौरी आज गेल्या, आता जरा निवांत बसलेय तर विचारते. प्रश्न घरगुती आहे, हसू नका.

आम्ही चौघं, मी, नवरा, सातवीतली लेक आणि सासूबाई. नवऱ्याचे हातात ४८ हजार येतात, माझे १६, म्हणजे ६४. त्यातला घराचा हप्ता २१,४०० पाच तारखेलाच उडतो, मग शाळेची फी आणि एलआयसीसाठी ९ हजार बाजूला, एसआयपी ३, सोसायटी २,२००, लाईट-गॅस-नेट-मोबाईल सगळं धरून ३,८००. उरले २४,६००. किराणा ७, भाजी-फळं साडेतीन, दूध २,४००, दोन गाड्यांचं पेट्रोल ३, भांडीवाल्या मावशी २. म्हणजे कागदावर दर महिन्याला ६,७०० उरायला पाहिजेत ना? प्रत्यक्षात २२ तारखेला खात्यात अकराशे रुपये असतात आणि आम्ही दोघं एकमेकांकडे संशयाने बघत असतो. गेल्या दोन महिन्यांत आरडी मोडून झाली.

काल रात्री दोघांच्या फोनमधली ऑगस्टची यूपीआयची यादी काढली. २११ पेमेंट. त्यातली १३४ दीडशेच्या आतली!! चहा, क्रीमरोल, पाणीपुरी, पार्किंग, लेकीची पेनं, झेरॉक्स, परत चहा. या १३४ ची बेरीज ९,३८० आली. थोडी भाजी असेल त्यात, गणपतीचा महिना होता हेही मान्य, पण मला त्यातलं अर्धं आठवतच नव्हतं, "श्री गणेश एंटरप्रायझेस ६५ रुपये" हे काय आहे हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, आमच्या वेळी पाकीट रिकामं झालं की कळायचं, तुमचं पाकीटच दिसत नाही.

तर या महिन्यापासून वरचे २४,६०० कॅश काढायचे आणि प्रत्येक खर्चाचं वेगळं पाकीट करायचं असं ठरवतेय. कोणी केलंय का? एकदम काढायचे की थोडे थोडे? सुट्ट्यांचं काय करता? नवरा म्हणतोय दोन दिवसांचं खूळ आहे.

सांगलीची_काकू | २ सप्टेंबर, रात्री ११:२५

अगं खूळ कसलं, आमचं अख्खं आयुष्य त्यावर गेलं. फक्त चोवीस हजार एकदम काढून कपाटात ठेवू नकोस. पहिल्या आठवड्यात माणूस राजा असतो, पनीर आणतो, आणि शेवटच्या आठवड्यात पिठलं. मी चार वेळा काढते, १, ८, १५ आणि २२ ला. पुढची तारीख येईपर्यंत तेवढ्यातच.

माझे सासरे साखर कारखान्यात होते, पगार रोख. पगार झाला की सासूबाई देवघरापुढे बसायच्या आणि डबे मांडायच्या, बोर्नव्हिटाच्या डब्यात किराणा, पावडरच्या डब्यात दूध आणि पेपर, पितळी डब्यात शाळेचं. आणि तांदळाच्या पिंपात तळाशी एक डबा, तो कोणाला न सांगायचा. तो मीही चालू ठेवला होता. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री टीव्हीवर नोटाबंदीची बातमी आली आणि मला पिंपात हात घालावा लागला, १४,५०० निघाले, सगळ्या पाचशेच्या! आमच्या ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, ते माझ्याकडूनच महिनाअखेरीला उसने मागायचे आणि मी नाही म्हणायचे. रांगेत उभं राहून भरले बँकेत. तेव्हापासून त्या डब्यात शंभराच्याच नोटा ठेवते.

एक नियम पाळ. भाजीच्या पाकिटातले पेट्रोलला घेतले तर त्यात चिठ्ठी टाकायची, कोणी, किती, कशाला. पैसे परत आले नाही आले तरी चिठ्ठी राहिली पाहिजे. महिनाअखेरीला पाकिटापेक्षा चिठ्ठ्याच जास्त बोलतात. आणि दूध कालनिर्णयच्या चौकोनात लिहीत जा, दूधवाल्याच्या वहीवर विसंबू नकोस.

सात_बावीसची_लोकल | ३ सप्टेंबर, सकाळी ७:५०

ताई, तुमचा हिशोब आवडला पण "फक्त कॅश" याचं उगाच व्रत करू नका. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला टोल फास्टॅग न लावता रोख द्यायला गेलात तर दुप्पट. आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरला तर जुन्या करपद्धतीत त्याची करातली वजावट मिळत नाही, हे माझ्या मेव्हण्याला रिटर्न भरताना कळलं. महावितरणचं बिल ऑनलाइन भरलं तर पाव टक्का सूट असते, म्हणजे सोळाशेच्या बिलाला चार रुपये, एवढ्यासाठी कोणी काही करत नाही ते सोडा, पण रांग वाचते.

तुमचे वरचे ३९ हजार आपोआप जातात आणि ठरलेले जातात. ते गळत नाहीयेत. गळतंय ते त्या १३४ मध्ये. तेवढंच कॅशवर आणा.

एटीएमचं काकू म्हणतात ते बरोबर बसतं. आपल्याच बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार फुकट, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या मेट्रो शहरात ३ आणि इतर ठिकाणी ५. त्यानंतर १ मे २०२५ पासून प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर वेगळा. चार वेळा काढलेत तर एक शिल्लक राहतो.

आणि हे आधी करा, यूपीआय लाइट चालू असेल तर बंद करा. हजारापर्यंत पिनच टाकावा लागत नाही त्यात, म्हणजे विचार करायला जी चार सेकंद मिळायची ती पण गेली. पगाराचं खातं यूपीआयवरून काढा, दुसऱ्या एखाद्या खात्यात हजार-पंधराशे ठेवून तेच जोडा. अडीअडचणीला स्कॅन करता येईल आणि चहाला हात आखडेल.

चिंचवडची_माऊ | ३ सप्टेंबर, दुपारी १:१०

यूपीआय लाइट चालू होतं. दोघांच्याही फोनमध्ये. आत्ताच बंद केलं, नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये 😄

नाव_नको | ३ सप्टेंबर, दुपारी ३:३०

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका, तुमच्या घरी तसं नसेलही. आमच्याकडे हा प्रयोग लॉकडाऊननंतर झाला. पाकिटं झाली, छान नावं घातली, आणि कपाटाची किल्ली ह्यांच्याकडे. माझा पगार तेव्हा बंद होता. त्याआधी निदान माझ्या फोनवरून काय घ्यायचं ते मी घ्यायचे, आता मेडिकलमधून पॅड आणायचे तरी "कशाला पाहिजेत?" असा प्रश्न. त्यांच्या मनात काही वाईट नसायचं हो, हिशोबाच्या वहीत लिहायचं म्हणून विचारायचे. पण मला तिसऱ्या महिन्यात मागायचीच लाज वाटायला लागली आणि मी आईकडून पैसे आणायला लागले, आता बोला, बजेट कुठे राहिलं.

म्हणून प्रत्येकाचं एक पाकीट असं ठेवा की त्याचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही. सासूबाईंचंसुद्धा. दोनशे का असेनात. आणि बाकीची पाकिटं कुलपाबाहेर.

सांगलीची_काकू | ३ सप्टेंबर, दुपारी ४:०५

नाव_नको, बाई तू लाख बोललीस. तांदळाच्या पिंपातला डबा त्यासाठीच होता गं.

अकोल्याचा_वाणी | ३ सप्टेंबर, रात्री ९:५५

मी किराणा दुकानवाला, काउंटरच्या या बाजूनं सांगतो. स्कॅन करणारं गिऱ्हाईक एक किलो साखरेला येते आन जाताना साखर, दोन पुडे बिस्कीट, एक फरसाण आन नवीन आलेलं काहीतरी घेऊन जाते, बेरीज ऐकतच नाही, नुसतं फोन पुढे करते. चिठ्ठी आन मोजून पैसे आणणारं गिऱ्हाईक उभं राहून बेरीज ऐकते आन मंग म्हणते, "दादा तो फरसाणचा पुडा ठेवा परत." माझा धंदा पहिल्यावर चालते, पण तुम्ही विचारलं म्हणून खरं सांगतो.

चिल्लरचं म्हणाल तर ते दुखणं खरंच आहे. एटीएममधून पाचशेच्याच नोटा येतात, सकाळी सकाळी चाळीसच्या सामानाला पाचशे पुढे केले की आमची पण चिडचिड होते, मंग चॉकलेट हातात ठेवतो, कबूल करतो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं होतं की ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. तसं एटीएम सापडत नसंल तर बँकेच्या काउंटरवर जा, पाच हजाराचे शंभर, पन्नास, वीस मागून घ्या. दहाचं नाणं काही लोक घेत नाहीत, "नकली आहे" म्हणतात. तोवर निघालेल्या त्याच्या चौदाही तऱ्हा चालतात, हे रिझर्व्ह बँकेनं २०१८ मधेच सांगून ठेवलंय. मी घेतो.

अजून एक. पाकिटं करून वर दुकानात खातं चालू ठेवू नका. माझ्याकडे अशी दोन घरं आहेत, कॅशमध्ये लई काटकसर, आन उधारीच्या वहीत पान भरलेलं.

चिंचवडची_माऊ | १ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आले परत. सगळ्यांचे आभार मानायचे होते म्हणून महिना संपायची वाट बघितली, आणि मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

पाकिटं विकत आणली नाहीत. आमच्या लग्नातली आहेराची रिकामी पाकिटं सासूबाईंनी जपून ठेवली होती, लाल-सोनेरी, गणपती छापलेली, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. तीच काढली. किराणा, भाजी, पेट्रोल, दूध-मावशी, घरचं इतर २,०००, आणि नाव_नको यांचं ऐकून चार खासगी: आम्हा दोघांना दीड-दीड हजार, सासूबाई ५००, लेक २००. हजार रुपये बँकेतच ठेवले. सगळी पाकिटं फ्रिजवर, चपातीच्या डब्यामागे, कुलूपबिलूप नाही.

नवऱ्याचे दीड हजार ११ तारखेला संपले. मी काही बोलले नाही (महाकठीण). दोन दिवस गप्प होता, मग स्वतःच म्हणाला की कंपनीबाहेरच्या टपरीवर चौघांचा चहा रोज मीच देतोय, कारण माझा फोन आधी निघतो. बाकीचे खिशात हात घालेपर्यंत याचं स्कॅन होऊन टिंग वाजलेलं असतं! कॅश असल्यावर हा पण खिसा चाचपायला लागला आणि दुसऱ्या कोणीतरी दिले. वर्षभराचा हिशोब आम्ही मुद्दाम केला नाही. उरलेल्या दिवसांत त्याने लेकीकडून पन्नास उसने घेतले, तिने साठ परत घेतले.

भाजीचं पाकीट २३ ला रिकामं. नवरात्र बसलं, उपासाची फळं, रताळी, आणि मी ते धरलंच नव्हतं. इतरमधून ३०० घेतले. चिठ्ठी सासूबाईंनी लिहिली, "३०० भाजीला. परत मिळणार नाहीत." ती चिठ्ठी मी जपून ठेवलीये.

जे जमलं नाही ते पण सांगते. शाळेच्या सहलीचे पैसे फक्त ऑनलाइनच घेतात म्हणाले. सासूबाईंच्या गोळ्या ऑनलाइन स्वस्त पडतात, त्या तशाच मागवल्या, ११४० झाले, तेवढी कॅश इतरमधून काढून बाजूला ठेवली, ती परत बँकेत भरायची राहिलीये. पेट्रोल पंपावर सुट्टे नाहीत म्हणून दर वेळी पाचशेचंच भरावं लागतं. आणि एकदा रिक्षावाल्या दादांना सत्तर द्यायचे होते, माझ्याकडे शंभर, त्यांच्याकडे सुट्टे नाहीत, मी तीस सोडून दिले. स्कॅन केलं असतं तर वाचले असते, हे सात_बावीस दादांच्या बाजूने लिहून ठेवते.

काल रात्री सगळी पाकिटं पलंगावर उलटी केली. औषधाचे सोडून १,४६० निघाले, बँकेतले हजार वेगळे. ६,७०० नाहीच, पण आरडीला हात लागला नाही.

२९ ला संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी १५ ला होती आणि भाजीच्या पाकिटात चिल्लर निघाली १४. सासूबाईंनी पाकिटावरचा रुपया नखाने खरवडून काढला आणि लेकीच्या हातात दिला. आता त्या पाकिटावर गणपतीशेजारी नुसता डिंकाचा गोल आहे.

या महिन्यात दिवाळी आहे. काकू, फराळाचं पाकीट वेगळं करू की किराण्यातच वाढवून घेऊ?

सांगलीची_काकू | १ ऑक्टोबर, रात्री १०:५०

वेगळंच कर. आणि बेसन, डालडा, पोहे याच आठवड्यात आणून टाक, वसुबारसेपर्यंत थांबलीस तर तेच सामान महाग पडतं. चिवड्याचे शेंगदाणे मात्र आदल्या दिवशीच आण, घरात दिसले की संपतात.