फांदीवरून पडलेल्या शॅमेलिऑनची घरी काळजी कशी घ्यावी?

प्रश्न: माझा दोन वर्षांचा शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) काल वरच्या फांदीवरून पडला. त्याचा पुढचा उजवा पाय कोपरापाशी सुजला असून चिमट्यासारखी बोटे फांदीवर टेकतात, पण पकड घेत नाहीत. रंगही काळपट पडला आहे. पशुवैद्यांची वेळ उद्या सकाळची मिळाली आहे; तोपर्यंत मी काय करावे?

उत्तर १: पायाला घरी काडी किंवा पट्टी बांधू नका आणि माणसांची वेदनाशामके अजिबात देऊ नका. जाड, आडव्या फांद्या तळाजवळ आणून खाली मऊ टॉवेल अंथरा, म्हणजे तो पुन्हा घसरला तरी लागणार नाही. काळपट रंग हे बहुधा ताणाचे किंवा वेदनेचे लक्षण असते, म्हणून त्याला शक्यतो हातात घेऊ नका. तो दिवसाही डोळे मिटून बसला, तर मात्र सकाळपर्यंत थांबू नका.

उत्तर २: भांड्यातले साचलेले पाणी हे प्राणी सहसा पीत नाहीत, पानांवर थेंब साचतील इतके फवारा.

उत्तर ३: एक्स-रेचा आग्रह जरूर धरा. माझ्या मादीचा पाय न पडताच, नुसते चढताना मोडला होता, कारण पिंजऱ्यातला दिवा दिसायला लख्ख असूनही जुना झाल्यामुळे त्यातून पुरेसे यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील) किरण मिळत नव्हते आणि त्यांच्याविना शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार न झाल्याने आहारातले कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचतच नव्हते. दिवा कधी बसवला, तेही डॉक्टरांना सांगा.