पांढराशुभ्र खिल्लार कापडावर उतरवायचा कसा?

रानजाई:
भरतकामात मी अगदी नवखी आहे. धावदोरा, उलटी टीप, साखळी आणि देठ टाका एवढंच येतं. भावाच्या दावणीला आटपाडीकडचा खिल्लार जातीचा बैल आहे, सर्जा. आईच्या उशीच्या अभ्र्यावर त्याचं तोंड, शिंगं आणि वशिंडापर्यंतचा भाग भरायचाय, साधारण वीतभर. पांढरं केसमेंटचं कापड घेऊन ठेवलंय. दुकानदार म्हणाला, पांढरा, करडा आणि काळा घ्या, काम झालं. पण पांढऱ्यावर पांढरा दिसणार कसा? सगळं अंग भरायचं की नुसती कड काढायची? आणि टाके कुठले?

उंबरठा:
सरळ गडद तपकिरी दोन पदरी दोऱ्याने देठ टाक्यात कड काढा. खिल्लारची ओळख शिंगात आणि मानेच्या बाकात असते, रंगात नाही. आतलं कापड पांढरं राहिलं की तोच बैलाचा रंग. पहिल्याच कामाला भरीव टाक्याच्या नादी लागू नका.

टाचणी:
उंबरठा, कड बरोबर आहे, पण नुसत्या कडेने तो बैल खिल्लारच काय, कुठलाही होईल. थोडं तरी भरायला हवं.

रानजाई, ते पांढरं केसमेंट दुसऱ्या कामाला ठेव गं. मातकट किंवा फिका शेवाळी कपडा घे, पांढरं आपोआप उठून दिसेल. काळा मात्र नको. त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा प्रत्येक वाकडा टाका लांबून दिसतो.

आता रंग. सर्जाचा फोटो मोबाईलवर कृष्णधवल कर आणि डोळे किलकिले करून बघ. पांढरा म्हणतेस तो बैल कानामागे, जबड्याखाली, पोळीच्या (गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या) घड्यांत चांगलाच करडा निघेल. शुभ्र दिसेल ते फक्त कपाळ, नाकाचा दांडा आणि वशिंडाचा माथा. म्हणून जास्त जागा मोतिया रंगाला दे, शुभ्र दोरा शेवटी आणि जपून. करड्यात दोन छटा घे, अँकर कंपनीच्या दोऱ्यात 398 नंबरची फिकी आणि 235 त्याहून गडद. डोळा, शिंगाची टोकं आणि नाकपुडीची भोकं यांना काळा नको, 382 हा जवळजवळ काळा तपकिरी घे. काळ्याने डोळा काचेच्या मण्यासारखा टक्क दिसतो. नाकाडाला फिकट गुलाबी, तोही फोटोत असेल तरच.

छटा दुकानातल्या ट्यूबलाईटखाली निवडू नकोस, दाराशी उजेडात ये. लडी बघून फसायला होतं. लडीत रंग दाट दिसतो, कापडावर एकच पदर पडला की फिका. म्हणून दोऱ्याचं एक टोक कापडावर आडवं टाकून बघ.

टाक्यांचं म्हणशील, तर एक नवीन शिक, लांब-आखूड. सगळ्या अंगाला नको, तोंड आणि मान एवढंच. पहिल्या ओळीत एक टाका लांब, एक आखूड. दुसऱ्या ओळीपासून सगळे साधारण सारखे, पण सुई आधीच्या टाक्यांच्या टोकांमध्ये घुसवून वर काढायची, कडेला कडा लावायची नाही. सुरू करायच्या आधी पेन्सिलीने केसांच्या दिशेचे छोटे बाण काढ: कपाळावरून नाकाकडे, गालावर तिरपे मागे, वशिंडावरून खाली. दिशा चुकली तर कितीही महागाचा दोरा असो, बैल गोधडीचा तुकडा दिसतो. तोंडाला एक पदर, नऊ नंबरची सुई. मानेला दोन पदर, सात नंबर. सहाही पदर एकदम ओढू नकोस, एकेक बाहेर काढ आणि मग जोड, गुंता होत नाही. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको. कापडातून जाऊन जाऊन त्याला लव सुटते.

पोळीच्या घड्या गडद करड्या देठ टाक्याने, बस्स. शिंगाला आत आधी साखळीची एक ओळ घाल आणि तिच्यावर तिरपा भरीव टाका. शिंग गोल दिसतं. भरीव टाका आखूडच ठेव, अभ्रा आहे, नख-बांगडी अडकणार. डोळ्यातली चमक म्हणजे पांढरा एकच बारीक उभा टाका. फ्रेंच नॉट, म्हणजे गाठीचा टाका, नको, डोळा सुजल्यासारखा होतो.

सातासमुद्रापार:
टाचणीताई, इकडे अँकर सहज मिळत नाही. डीएमसीत 398 च्या जवळ 415, 235 च्या जवळ 414 आणि 382 ला 3371 धरून काम भागतं. तंतोतंत जुळत नाहीत, पण एका चित्रात एकाच कंपनीचे घेतले की झालं.

रानजाई:
टाचणीताई, खूप आभार! मातकट कापड उद्याच आणते. भावाचा हट्ट आहे की शिंगांना शेंब्या (टोकांवरच्या पितळी टोप्या) आणि गळ्यात लाल गोंडे हवेतच. शेंब्यांना जरीचा दोरा चालेल का?

टाचणी:
जर नको. नवख्या हातात ती उसवते आणि धुण्यात काळी पडते. मोहरीच्या रंगाचा साधा दोरा, आडवा भरीव टाका, एका बाजूला पिवळसर पांढऱ्याची एकच रेघ, पितळ दिसतं. लाल मात्र आधी तपास. दोरा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबून रात्रभर ठेव. चिंधी गुलाबी झाली तर तो दोरा परत कर. आणि गोंडे सगळ्यात शेवटी, मान भरून झाल्यावर. भावाला म्हणावं, घाई करू नको.