अल्बर्ट कान: कारखाने आणि नागरी इमारती

प्रश्न: अमेरिकेतील डेट्रॉईटचे वास्तुविशारद अल्बर्ट कान यांचे नाव मोटार कारखान्यांपुरतेच घेतले जाते, त्यांच्या नागरी इमारतींतही कामानुसार आकार ठरवण्याची तीच दृष्टी दिसते का?

उत्तर १: आधी कारखान्याविषयी. १९०५ च्या पॅकार्ड मोटार कारखान्यातील दहा क्रमांकाच्या इमारतीत त्यांनी प्रबलित काँक्रीट वापरले आणि त्यात बंधू ज्युलियस यांनी घडवलेली सळई घातली. तिच्या कडेच्या पट्ट्या कापून ४५ अंशांत वर वाकवलेल्या असत, त्यामुळे तुळईला तिरके तडे जाण्यास अटकाव होई. भार सांगाड्याने पेलल्यामुळे भिंतींच्या जागी प्रशस्त खिडक्या आल्या.

उत्तर २: होय, निश्चितच. अ‍ॅन आर्बरच्या हिल सभागृहाचा (१९१३) अन्वस्ताकार (पॅराबोलासारखा वक्र) अंतर्भाग व्यासपीठावरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतो. दर्शनी बाजूचे स्तंभ पारंपरिक असले, तरी आतला आकार कामानेच ठरवला आहे.

उत्तर ३: शैली मात्र वेगळी, १९२८ च्या फिशर इमारतीत संगमरवराची श्रीमंती आहे.