ताटं-वाट्या भाड्याने देणं हा कसला नवउद्योग? – ज्यांना प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी

सुदामानगरकर
काल कुणीतरी इथे लिहिलं: "हल्लीची पोरं ताटं-वाट्या भाड्याने देतात आणि नवउद्योजक म्हणून फोटो काढून घेतात. नोकरी नसलेल्यांची सोय, दुसरं काय." ती ताटं-वाट्यावाली माझी धाकटी बहीण आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

नोकरी होती तिला, पुण्यात. सोडून इंदूरला परत आली. १ जुलै २०२२ ला प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे बंद झाले आणि सगळे कागदी प्लेटवर गेले. त्यात वरण वाढलं की खालून गळतं. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं, पण मुंजीच्या दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला जाऊन बघा एकदा. तिने छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज काढलं, ५० हजारांच्या आतलं, आणि स्टीलची दोनशे ताटं घेतली. पोचवायची, खरकटी परत आणायची, गरम पाण्याने धुवायची, पुसायची, मोजायची. मोजताना चमचे कमी भरतात. दर वेळी. लोक चमचे का नेतात, देव जाणे.

जुना रामबाग
ते लिहिणारा मीच. लपत नाही. यात नवीन काय ते अजून कळलं नाही. आमच्या वेळी मंडळाच्या कपाटात नाव कोरलेली ताटं-पातेली असायची. वहीत सही करायची, न्यायची, वाटी कमी भरली तर भरून द्यायची. तेच आता मोबाइलवर.

आणि धंद्याचं कौतुक मला सांगू नका. वडील इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद पडली, कामगारांचे पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. वडील तोवर थांबले नाहीत.

पलासियाची सून
काका, वडिलांचं वाईट वाटलं, मनापासून. पण मिल काही या मुलीच्या ताटांनी बुडवली नाही.

आणि मंडळाची ती ताटं घासायचं कोण? सही पुरुषांची, घासणं बायकांचं. माझ्या सासूबाई सांगतात, घरातल्या एका लग्नात त्यांनी सप्तपदी पाहिलीच नाही, मांडवामागे राखेत हात होते. ही मुलगी धुण्याचे पैसे लावते. तुम्हाला नवीन हवं होतं ना, हे घ्या.

हिशेबी भिया
नवीन-जुनं सोडा हो. पैसे वसूल होतात का ते सांगा. मी घरच्या जीरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, पाकिटं काढली होती. परवान्याचा बाऊ करतात लोक, मी काढली तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला खाद्य नोंदणी वर्षाला १०० रुपयांत झाली. माल चांगला होता, खपतही होता. बुडालो उधारीत. दुकानदार म्हणायचा, "पुढचा माल आला की मागचे देतो." दहा दुकानांत माल अडकला की अकराव्याला द्यायला मसाला कुठून आणणार?

सुदामानगरकर
भिया, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. एका केटररने सगळा लग्नसराईचा मोसम ताटं वापरली, अजून "बघतो" चाललंय. आणि आपल्याच एका मंडळाने गणपतीत ताटं नेली, वर तिचा सत्कार केला. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाडं नाही. मागायला गेली तर म्हणे, "आपलीच मुलगी ना तू?"

तुकोगंजचा सीए
आता राहवत नाही. लहान उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नसेल तर १५. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून मुदत चुकवली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत केटररला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. लोकांना माहीतच नसतं.

हिशेबी भिया
माहीत असतं साहेब, त्यांनाच जास्त. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराला घाऊकवाला काय म्हणाला? "उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) रद्द कर, मग ऑर्डर देतो." तुमचा कायदा आला आणि त्याची ऑर्डर गेली.

तुकोगंजचा सीए
म्हणून कायदाच नको?

हिशेबी भिया
म्हणून एसीत बसून कलमं सांगू नका, एवढंच.

जुना रामबाग
बघा! मी काय म्हणत होतो? कायदे मिलवाल्यांसाठीही होते.

पलासियाची सून
काका, विषय तुमच्या सोयीचा झाला की तुम्ही बरोबर हजर. ते मंडळ कुठलं याचा अंदाज सगळ्यांना आलाय. तुम्ही तिथले जुने सभासद ना?

जुना रामबाग
सभासद आहे, खजिनदार नाही. भाडं राहिलं असेल तर ते चूक, मी बोलतो. पण नवउद्योग वगैरे माझ्याकडून वदवून घेऊ नका. मुलगी कष्टाळू आहे, बस. आणि पुढच्या वेळी तिने मंडळाकडूनही आधी अनामत घ्यावी. चमचे आमचेच लोक नेतात, मी पाहिलंय.

सुदामानगरकर
आभार, जसे आहेत तसे. सीएसाहेब, केटररवर तक्रार कुठे करायची?

तुकोगंजचा सीए
लहान उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर. उद्यम क्रमांक लागेल. नोंदणी बिलाच्या आधीची आहे ना?

सुदामानगरकर
नंतरची. दोन महिन्यांनी केली.

तुकोगंजचा सीए
मग वाद लांबेल. पुढच्या बिलांवर क्रमांक छापा. या बिलासाठी केटररच्या दारात जाऊन बसा.

हिशेबी भिया
सकाळी जा. दुपारी तो सापडत नाही, माझाही दुकानदार तसाच होता.