मदत हवी आहे : कोपनहेगनमध्ये गावाबाहेरचं देखणं हॉटेल घ्यावं का?

नमस्कार मंडळी, जूनअखेरीस आम्ही पाच रात्री कोपनहेगनला जातोय. मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी).

बायकोने ओरेस्टाड भागातलं बेला स्काय हे हॉटेल हेरून ठेवलंय. २०११ साली उघडलेले दोन मनोरे, दोन्ही एकमेकांपासून १५ अंश बाहेर झुकलेले. पिसाचा मनोरा चार अंशांवरच थांबलाय! बायको आर्किटेक्ट, त्यामुळे घरात याच्याविरुद्ध बोलायची सोय नाही.

माझी शंका अंतराची. शेजारीच बेला सेंटर हे मेट्रो स्टेशन आहे, एम१ लाइन थेट मध्यवस्तीतल्या कोंगेन्स न्यूटोर्व्ह चौकात नेते आणि मेट्रो रात्रभर चालते, इथवर मला कळलंय. पण दुपारी आईला तासभर पाठ टेकायला खोलीवर आणायचं आणि संध्याकाळी पुन्हा न्यूहाव्नला, त्या चौकालगतच्या कालव्याकाठी न्यायचं, हे रोज जमेल का? की मध्यवस्तीतलं कबुतरखान्याएवढं हॉटेल परवडलं?

विमानतळावरून मेट्रोने यायचं तर क्रिस्टियन्सहाव्नला गाडी बदलावी लागते. चार बॅगा आणि आई घेऊन तसं करावं, की ओरेस्टाडपर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी बरी?

शिवाय त्या भागात रात्री आठनंतर आईला चालेलसं काही खायला मिळतं का? थेपले नेतोच आहोत, पण पाच दिवस थेपल्यांवर काढले तर ती परत आल्यावर सगळ्या नातेवाइकांना सांगेल.

तिथे राहून आलेल्यांनी कृपया लिहा. रविवारपर्यंत बुकिंग करायचंय.