अंड्याचं पिवळं टाकून माकुल (स्क्विड) खाणाऱ्यांसाठी
‘पिवळ्यात कोलेस्टेरॉल असतं, म्हणून फक्त पांढरं खातो’ असं अंड्यांवरच्या या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. असतं हे खरंच, मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम आणि सगळं बलकातच. पण मग त्याच हिशेबानं माकुलही बंद करा की! १०० ग्रॅम माकुलात ते २३० च्या घरात जातं, कोळंबीही फार मागे नाही. आमच्या मालवणात पिवळं बाजूला काढणारी मंडळी माकुलाचं सुकं मात्र मागून मागून घेतात.

शिवाय रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जास्त वाढतं ते संपृक्त चरबीनं (सॅच्युरेटेड फॅट). एका बलकात ती दीड ग्रॅमच्या आसपास. उलट अंड्याच्या रश्श्याला लागतं ते भाजक्या खोबऱ्याचं वाटण, आणि खोबऱ्यातली बहुतेक चरबी संपृक्तच. म्हणजे पिवळं ताटाच्या कडेला आणि वाटण भाकरीनं पुसून पोटात! बी १२ आणि डी ही जीवनसत्त्वं, कोलीन हे पोषकद्रव्य, जवळपास सगळं त्या कडेला ठेवलेल्यात. (प्रथिनांचाही चाळीसेक टक्के वाटा.) मधुमेह किंवा घराण्यातच जास्त कोलेस्टेरॉल असेल त्यांनी डॉक्टरांना विचारावं, बाकीच्यांनी रोज एक अख्खं अंडं उकडून खुशाल खावं.