वारसा इमारतींच्या पुनर्वापराची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा: तयारी काय करू?

नवी_वीट: आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. वारसा इमारतींना नवा वापर देण्यावरच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यशाळेत निवड झालीय. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांचे गट, आणि काम बंद पडलेल्या एका गिरणीवर. जाण्याआधी काय वाचू, काय शिकू? रेंडरिंग, म्हणजे संगणकावर इमारतीची हुबेहूब चित्रं काढणं, चांगलं जमतं, तेवढ्यावर भागेल का?

ओळंबा: नाही भागणार. राग मानू नका, पण अशा ठिकाणी पहिल्याच संध्याकाळी अर्धा गट काचेचे जिने काढायला बसतो आणि भिंतीची जाडी कुणालाच माहीत नसते. आधी मोजायची सवय करा. खोलीचे कर्णही घ्या, जुनी खोली काटकोनात असेलच असं नाही.

मग ओल बघा. भिंतीच्या तळाशी लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरलाय आणि दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्यात, असं दिसलं तर दोन्हींचा संबंध तपासा. चुन्याच्या दर्जेतून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, मग ती विटेतून वाट काढते, क्षार विटेतच साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. हे ओळखता आलं तर गटात तुमच्या शब्दाला वजन येईल.

माळवद: वाचायला व्हेनिस सनद (1964), म्हणजे वारसा वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं. पाचवं कलम छोटंच आहे: समाजोपयोगी वापर हवा, पण त्यापायी इमारतीची मांडणी आणि सजावट बदलता कामा नये. गिरणीत याच कलमावरून वाद होणार बघा!

उदाहरणांत सगळे लंडनचं टेट मॉडर्न दाखवतात, वीजकेंद्राचं कलादालन. चांगलंच आहे. पण मी ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं सेस्क पोम्पेया हे सांस्कृतिक आणि क्रीडा केंद्र आधी बघायला सांगेन. पिंपांचा जुना कारखाना. वास्तुरचनाकार लीना बो बार्दी यांनी शेड राखल्या, तिथे वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा आणल्या. खेळाची मैदानं आत कोंबली नाहीत, त्यांच्यासाठी शेजारी काँक्रीटचा नवा मनोरा उभारला. कुठला वापर इमारतीला पेलणार नाही, हे ठरवणं तिथे शिकता येतं.

नवी_वीट: भारी! पण तिथे लेझर स्कॅनर असणार आहे. मग टेपने मोजायची गरज आहे का?

ओळंबा: आहे. स्कॅनरला पृष्ठभाग दिसतो, गिलाव्यामागची पोकळी नाही. ती बोटाने ठोकून आवाजावरून कळते. आणि तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे टोचून बघा, कूज बहुधा तिथूनच सुरू होते. अर्थात परवानगी घेऊनच.

माळवद: आणि जाड तळव्याचे बूट न्या. सँडल घालून येणारा एकजण प्रत्येक गटात असतोच.